'कशावरून?' विचारत ग्रीसमधले सहा दिवस

ग्रीसला जाणाऱ्याच्या यादीत अक्रोपोलिस असतं, सांतोरिनीचे निळे घुमट असतात, वेळ उरला तर डेल्फी. तत्त्वज्ञान नसतं, कारण त्यातलं बघण्यासारखं काही उरलेलं नाही असा समज आहे. तो निम्मा खरा आहे. सॉक्रेटिस जिथं लोकांना अडवून बोलायचा, प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल जिथं शिकवायचे, तिथं आज बहुतेक ठिकाणी गुडघाभर उंचीचे दगड आहेत. पण याच जागांवर फलकाला, गाइडला आणि आपल्या स्वतःच्या भाबडेपणाला 'कशावरून?' विचारण्याचा सराव फार छान होतो. हा सहा दिवसांचा मार्ग त्यासाठीच आखलेला आहे.

सोबत प्लेटोचे तीन छोटे संवाद फोनमध्ये असावेत: 'युथिफ्रो', 'अपॉलॉजी' (सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण) आणि 'मेनो'. शिवाय २० सेंटिमीटर बाजूचे चार-पाच चौरस कागद आणि एक मोजपट्टी. बूट पकड असलेले हवेत. इथल्या टेकड्यांवरचा दगड शतकानुशतकं पावलांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की पाऊस नसतानाही पाय सरकतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै २०२३ मध्ये उष्णतेमुळे अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात जायचं असेल तर सकाळी फाटक उघडताना आत आणि बाराच्या आत बाहेर.

पहिला दिवस : अगोरा

विमानतळावरून मेट्रोची निळी लाईन थेट मोनास्तिराकीला आणते, साधारण चाळीस मिनिटांत. स्टेशनबाहेर तीळ लावलेली कुलूरी नावाची पावाची कडी मिळते. ती घेऊन एड्रिआनू रस्त्याने पाच मिनिटं चाललं की अगोराचं फाटक.

आठवडी बाजार, कचेरी, चावडी आणि कोर्ट एकाच मैदानात भरवलं तर जे होईल ते म्हणजे अगोरा. आत शिरल्यावर सगळे पर्यटक टेकाडावरच्या हेफायस्टसच्या देवळाकडे वळतात. देऊळ सुंदर आहेच, पण ते नंतर. आधी खाली, मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्यात एक सीमेचा दगड बघायचा. त्यावर कोरलंय: 'मी अगोराची सीमा आहे.' त्याला लागून एका छोट्या घराचा पाया आहे. या घरात चपलांना ठोकायचे लोखंडी खिळे आणि हाडाच्या कड्या सापडल्या, आणि जवळच एका पेल्याचं बूड सापडलं, ज्यावर नाव आहे सायमनचं. सॉक्रेटिस सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात जाऊन बसायचा, असं डायोजेनीस लाएर्टिअसने लिहून ठेवलंय. गाइड इथं हमखास सांगतो: 'हेच ते दुकान.'

इथून सराव सुरू करायचा. दाव्याचे तुकडे पाडायचे. हे चपला बनवायचं दुकान होतं का? खिळ्यांवरून, होय. इथं सायमन नावाच्या माणसाचा पेला होता का? होय. तो पेला दुकानाच्या मालकाचाच होता का? बहुधा. तो मालक म्हणजे सॉक्रेटिसचा सायमन का? इथं आपण अशा लेखकावर टेकलोय जो सॉक्रेटिसनंतर सहा शतकांनी लिहीत होता. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडी डळमळीत. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी. गाइड मात्र पहिल्या कडीची खात्री शेवटच्या कडीला लावून मोकळा होतो. बातम्यांपासून घरच्या भांडणापर्यंत सगळीकडे हीच चूक चालते.

अगोराचा उत्तरेकडचा भाग पिरेयसच्या रेल्वेने कापलाय. रूळ आणि एड्रिआनू रस्ता यांच्या मधल्या खड्ड्यात, रस्त्याच्या कठड्यावरून वाकून दिसते ती 'राजाची ओसरी'. स्टोआ म्हणजे खांबांची ओसरी किंवा पडवी. ही जेमतेम १८ मीटर लांब, १९७० मध्ये सापडली. धार्मिक गुन्ह्यांची फिर्याद घेणारा 'राजा' हुद्द्याचा अधिकारी इथं बसायचा. इ.स.पू. ३९९ मध्ये मेलीटसने सॉक्रेटिसवर फिर्याद लावली, तेव्हा सॉक्रेटिसला इथंच यावं लागलं. 'युथिफ्रो' हा संवाद या ओसरीपाशीच घडतो. कठड्याला टेकून तो वाचायला तासभर पुरतो. वाचताना खालून लोकल धडधडत जाते, त्याला इलाज नाही.

युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय आणि पवित्र काय, अपवित्र काय हे आपल्याला नेमकं कळतं अशी त्याची खात्री आहे. सॉक्रेटिस विचारतो, पवित्र म्हणजे काय? पहिलं उत्तर: 'मी आत्ता करतोय ते.' हे उदाहरण झालं, व्याख्या नव्हे. 'भाजी म्हणजे काय' याला 'मेथी' म्हणण्यातला प्रकार. दुसरं उत्तर: 'देवांना आवडतं ते पवित्र.' आता सॉक्रेटिस थेट विरोध करत नाही. तो बाजूच्या दोन गोष्टी कबूल करून घेतो. देवांची आपसांत भांडणं होतात ना? होतात. भांडण आवडीनिवडीवरूनच ना? हो. मग एकच गोष्ट एका देवाला आवडते, दुसऱ्याला नावडते. म्हणजे तीच पवित्र आणि तीच अपवित्र. युथिफ्रो अडकला.

ही पद्धत घरी नेताना तीन ठिकाणी बिघडते. समोरच्याने विधान स्वतःचं म्हणून केलेलं असलं पाहिजे. 'लोक म्हणतात' अशावर चालवली तर तो खांदे उडवून निघून जातो. मधली कबुली खरीखुरी हवी, नुसता 'बरं बरं' नको. आणि सगळ्यात मोठी गफलत शेवटी होते: विसंगती दाखवली म्हणजे मूळ विधान खोटं ठरलं असं नाही. एवढंच ठरतं की कबूल केलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. युथिफ्रो म्हणू शकला असता, 'मग देव भांडतात हेच मी मागे घेतो.' कुठलं विधान सोडायचं हा निर्णय पद्धत देत नाही, तो माणसाने घ्यायचा असतो.

दुसरा दिवस : पाण्याचं घड्याळ, मतांच्या चकत्या आणि दोन तुरुंग

पुन्हा अगोरा, पण आज पूर्वेकडची लांबलचक दुमजली ओसरी. अट्टालसची ही ओसरी १९५० च्या दशकात जुन्या पायावर नव्याने उभारली. आत संग्रहालय आहे. नाण्यांची आणि बाहुल्यांची कपाटं सोडून तीन वस्तूंपाशी थांबायचं.

पहिली, मातीचं पाणघड्याळ. बादलीसारखं भांडं, तळाशी नळी. काठाखाली एक भोक आहे, म्हणजे पाणी दरवेळी त्याच रेषेपर्यंत भरणार, कोणाला थेंब जास्त नाही. अंगावर दोन 'खी' अक्षरं: दोन खूस माप, सुमारे ६.४ लिटर. बूच काढलं की साधारण सहा मिनिटांत रिकामं. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळात ५,००० द्राख्मांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला १० खूस पाणी मिळायचं, उत्तराला ३. म्हणजे अर्धा तास आणि नऊ-दहा मिनिटं. भांड्यावर 'आंतिओखिस' या जमातीचं नाव आहे. सॉक्रेटिसचा आलोपेके हा मोहल्ला याच जमातीत मोडायचा. हे त्याच्याच खटल्यातलं घड्याळ आहे असं यावरून सिद्ध होत नाही, पण काचेपुढे पाय घुटमळतात हे खरं.

युक्तिवादाचं शास्त्र या शहरात का जन्मलं, याचं अर्धं उत्तर या भांड्यात आहे. वकील नव्हते. आरोपीने स्वतः बोलायचं, पाणी वाहतं तोवर. ज्याला कमी वेळात शेकडो लोकांना पटवता येतं तो जिंकणार, मग त्याचं म्हणणं खरं असो वा नसो. पटणं आणि बरोबर असणं यांत फरक आहे, हे मोजून दाखवायची गरज अशाच गावात पडते.

दुसरी वस्तू, काशाच्या चकत्या. मधोमध आस असलेल्या, भिंगरीसारख्या. काहींची आस पोकळ, काहींची भरीव. प्रत्येक ज्यूररला दोन्ही मिळायच्या: पोकळ फिर्यादीची, भरीव आरोपीची. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत आसेची टोकं झाकली जातात, त्यामुळे मत कुठं गेलं ते शेजाऱ्याला कळत नाही. एक चकती मोजायच्या भांड्यात, उरलेली टाकाऊ भांड्यात.

इथं 'अपॉलॉजी'तलं गणित करून बघावं. सॉक्रेटिस म्हणतो, आणखी ३० मतं फिरली असती तर मी सुटलो असतो. एवढाच आकडा प्लेटो देतो. ज्युरी ५०० धरली तर २८० विरुद्ध २२०. तीस फिरली की २५०-२५०, आणि बरोबरीत आरोपी सुटायचा. ५०१ धरली तर २८० विरुद्ध २२१. दोन्ही जुळतात, म्हणून अभ्यासकांत दोन्ही आकडे आढळतात. लगेच सॉक्रेटिस आणखी एक टोला हाणतो: तीन फिर्यादी होते, मेलीटस एकटा असता तर त्याला एक-पंचमांश मतंही पडली नसती आणि १,००० द्राख्मा दंड भरावा लागला असता. २८० भागिले ३ म्हणजे ९३. ५०० चा पाचवा हिस्सा १००. हिशोब बरोबर. पण मतं तिघांत समान वाटली गेली हे गृहीतक कुठून आलं? कशावरूनच नाही. गणित निर्दोष आणि गृहीतक हवेतलं, अशी जोडी आकडेवारीच्या जगात पावलोपावली भेटते. सॉक्रेटिसच्या तोंडून आली म्हणून तिला सूट नाही. तो चेष्टा करत होता असं मानलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी वस्तू, खापऱ्या. वर्षातून एकदा एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करायला लोक खापरीवर त्याचं नाव खरडायचे. एकूण ६,००० मतांची अट होती. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. हस्ताक्षरं तपासली तर ती फक्त १४ जणांची निघाली. 'बघा, तेव्हाही बोगस मतदान!' ही पहिली प्रतिक्रिया असते. जरा थांबा. पुराव्याला बसणाऱ्या निदान तीन गोष्टी सांगता येतात. विरोधकांनी टोळीने मतं घातली. किंवा विरोधकांनी तयार खापऱ्या फुकट वाटायला ठेवल्या, जसे आपल्याकडे मतदान केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटणारे बसतात. किंवा निरक्षरांना लिहून देणारे पैसे घेऊन बसले होते. आता प्रत्येकीला विचारायचं: ही खरी असती तर आणखी काय दिसलं असतं? पैसे घेऊन लिहिणाऱ्याकडे वेगवेगळी नावं मिळायला हवीत. इथं एकच नाव आहे. म्हणून तिसरी मागे पडते. आणि खापऱ्या मतमोजणीच्या ढिगात नाही, विहिरीत होत्या, म्हणजे त्या बहुधा वापरल्याच गेल्या नाहीत. दुसरी वरचढ ठरते. पहिली मेलेली नाही, फक्त मागे आहे.

दुपारी तुरुंग. अथेन्समध्ये सॉक्रेटिसचे दोन तुरुंग आहेत. फिलोपापोस टेकडीवर कातळात कोरलेल्या, लोखंडी गज लावलेल्या खोल्या आहेत, 'सॉक्रेटिसचा तुरुंग' अशी पाटी आहे, फोटो काढायला रांग आहे. पुरावा काहीही नाही. या खोल्यांची पक्की माहीत असलेली गोष्ट वेगळीच आहे: दुसऱ्या महायुद्धात पुराणवस्तू या गुहांत भिंत घालून लपवल्या होत्या.

दुसरा अगोराच्या नैऋत्येला, कुंपणाजवळ, कोणी न फिरकणारा पाया. मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका खोलीत न्हाणीची सोय, एका टाक्यात औषधाच्या बाटल्यांएवढी तेरा मातीची भांडी, शिवाय सॉक्रेटिसची वाटावी अशी छोटी मूर्ती. विष पिण्याआधी सॉक्रेटिसने आंघोळ केली हे प्लेटोच्या 'फिडो'त आहे. म्हणून हा तुरुंग? 'तुरुंग असेल तर न्हाणी मिळेल; न्हाणी मिळाली; म्हणून तुरुंग' हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पुस्तकात चुकीचा म्हणून छापलेला असतो, उत्तरांगाचा स्वीकार. न्हाणी खानावळीतही असते. पण न्हाणी, भांडी, मूर्ती, कोठड्यांची रचना हे सगळं एकत्र दुसऱ्या कशाने चांगलं उलगडतं का? अजून तरी सर्वांना पटेल असं उत्तर नाही, आणि काही अभ्यासक याला साधी बाजारपेठेची इमारत मानतात. म्हणजे एका जागी पाटी आहे, पुरावा नाही. दुसरीकडे पुरावा आहे, पण तो पुरेसा नाही.

संध्याकाळी प्निक्स. लोकसभेची टेकडी, कातळात कोरलेलं बोलायचं व्यासपीठ, समोर अक्रोपोलिस. सूर्यास्ताला फार सुंदर. अरेओपॅगसचा खडक त्याच वाटेवर आहे. लोखंडी जिन्यानेच चढा, जुन्या कोरीव पायऱ्या घसरगुंडी झाल्यात.

तिसरा दिवस : अकादमी

केरामेकॉसच्या दिपिलॉन वेशीतून निघायचं. रोमन वक्ता सिसेरो इ.स.पू. ७९ मध्ये मित्रांसोबत याच वाटेने अकादमीत, म्हणजे प्लेटो शिकवायचा त्या जागी, फिरायला गेला होता. तो अंतर सांगतो ६ स्टेडिया. एक स्टेडिया सुमारे १८५ मीटर, म्हणजे १.१ किलोमीटर. फोनवर मोजा: दीड किलोमीटरच्या आसपास भरतं. सिसेरो खोटं बोलत नव्हता. अकादमी हे एक विस्तीर्ण उपवन होतं, त्याने कुठल्या कडेपर्यंत मोजलं ते आपल्याला ठाऊक नाही. दोन आकडे जुळले नाहीत की आधी बघायचं, दोघं एकच गोष्ट मोजतायत का.

आजची अकादमी हे साध्या वस्तीतलं सार्वजनिक उद्यान आहे. तिकीट नाही. ऑलिव्हची झाडं, बाकांवर म्हातारी माणसं, फुटबॉल खेळणारी पोरं आणि मधेच व्यायामशाळेचा पाया. जागा हीच, याला भक्कम पुरावा आहे: १९६६ मध्ये 'अकादमीची सीमा' असं कोरलेला दगड इथं सापडला. 'भूमिती न जाणणाऱ्याने आत येऊ नये' ही दारावरची प्रसिद्ध पाटी मात्र कोणाला सापडलेली नाही. तिचा उल्लेख करणारे लेखक प्लेटोनंतर किमान सात शतकांचे आहेत. टी-शर्टवर छापायला छान आहे.

पाटी नसली तरी भूमिती होती. बाकावर बसून 'मेनो'तला प्रयोग करता येतो. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो: हा चौरस आहे, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढ, बाजू किती? आपला कागद २० सेंटिमीटरचा, क्षेत्रफळ ४००. हवेत ८००. मुलगा पटकन म्हणतो, बाजू दुप्पट. ४० सेंटिमीटर: चार कागद जोडून बघा, १,६०० झाले, चौपट. मग तो म्हणतो, मधली धरू, दीडपट. ३० सेंटिमीटर: ९००. तरी जास्तच. आता मुलगा म्हणतो, मला माहीत नाही. या क्षणी सॉक्रेटिस मेनोकडे वळून सांगतो की याचं नुकसान झालं नाही, फायदाच झाला. मग कर्ण. चारही कागद जोडून ठेवलेले असतात, प्रत्येकाला कर्णावर घडी घाला, आतला तिरपा चौरस उमटतो. प्रत्येक कागदाचा अर्धा भाग, असे चार अर्धे, म्हणजे ८००. बाजू मोजपट्टीने २८.३ भरते.

प्रयोग इथं संपत नाही. सॉक्रेटिसचा दावा आहे की मी काही शिकवलं नाही, फक्त विचारलं. म्हणून ज्ञान आत्म्यात आधीपासून होतं. आता संवाद पुन्हा वाचा आणि मुलाच्या उत्तरांपुढे खुणा करा: कुठं 'हो'-'नाही'त भागलंय, कुठं त्याने स्वतः काही पुढे आणलंय. कर्ण मुलाने सुचवलेला नाही, सॉक्रेटिसने काढून दाखवलाय. होकार मिळवायला घडवलेला प्रश्न हा प्रश्नाच्या वेशातलं विधान असतो. एक मात्र मुलाचं स्वतःचं आहे: दोन्ही वेळा 'चुकलं' हे त्याने मोजून ओळखलं.

अकादमीची दुसरी गोष्ट पिसं काढलेल्या कोंबड्याची. प्लेटोने माणसाची व्याख्या केली, 'पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी'. डायोजेनीस (हा वेगळा, प्लेटोच्याच काळातला) कोंबडं सोलून घेऊन आला: 'हा घ्या प्लेटोचा माणूस.' व्याख्येला शेपूट जोडलं गेलं, 'रुंद नखांचा'. मराठी वाचकाला या दोषाचं नाव ठाऊक आहे: अतिव्याप्ती. नको तेही व्याख्येत शिरतं ती अतिव्याप्ती, हवं ते बाहेर राहतं ती अव्याप्ती, आणि मुळात लागूच पडत नाही तो असंभव. नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, ही त्रयी अकादमीच्या बाकावर अगदी चपखल बसते. शेपटाचा दोषही बघावा: 'रुंद नखांचा' हे माणसाविषयी काही समजल्यामुळे आलेलं नाही, एका कोंबड्याला हाकलण्यासाठी आलंय. पुढचं कोंबडं आलं की पुढचं शेपूट. किस्सा घडला का? सांगणारा पुन्हा तोच, सहा शतकांनंतरचा डायोजेनीस लाएर्टिअस. पण किस्सा खोटा असला तरी प्रत्युदाहरण खरंच राहतं.

चौथा दिवस : लायसियम

'लायसिस' संवादाच्या सुरुवातीला सॉक्रेटिस अकादमीतून थेट लायसियमकडे निघालेला असतो, तटाबाहेरच्या वाटेने. ती वाट आज ट्रॅफिकखाली आहे. मेट्रोने एव्हांगेलिस्मॉसला उतरावं. १९९६ मध्ये इथं नवं संग्रहालय बांधायला खोदकाम सुरू झालं आणि खाली आखाड्याचा पाया लागला. २०१४ पासून जागा खुली आहे. तासाभरात बघून होते. लॅव्हेंडरचा वास येतो, सावली कमी.

अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ च्या सुमारास इथं शिकवायला सुरुवात केली. तो अथेन्सचा नागरिक नव्हता, त्यामुळे त्याला इथं जमीन घेता येत नव्हती. सार्वजनिक आखाड्याच्या आवारातच शाळा भरायची. फिरत फिरत शिकवायचा म्हणून 'पेरिपॅटेटिक' ही व्युत्पत्ती गाइडना फार आवडते. 'पेरिपॅटॉस' म्हणजे फिरायची छपरीवाट, नाव तिच्यावरून पडलं असण्याची शक्यता जास्त.

'सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य' हे उदाहरण त्याच्या नावावर खपतं. त्याच्या 'प्रायर अ‍ॅनॅलिटिक्स'मध्ये ते नाही. तिथं अक्षरं आहेत: अ हे सर्व ब ला लागू, ब हे सर्व क ला लागू, तर अ हे सर्व क ला लागू. खरी झेप हीच. आशय काढून टाकला की सांगाडा दिसतो. तीन आकृत्यांत (मधला शब्द कुठं येतो त्यावरून पाडलेल्या प्रकारांत) मिळून त्याने १४ वैध रूपं मोजली.

सांगाडा तपासायची सोपी रीत: तीच रचना ठेवून शब्द बदलायचे आणि आधारविधानं खरी, निष्कर्ष धडधडीत खोटा असं उदाहरण मिळतं का बघायचं. 'सर्व भ्रष्ट लोक चौकशीला घाबरतात. हा चौकशीला घाबरतो. म्हणून हा भ्रष्ट.' शब्द बदला: 'सर्व अथेन्सवासी ग्रीक आहेत, हा स्पार्टावासी ग्रीक आहे, म्हणून हा अथेन्सवासी.' कोसळलं. 'ग्रीक' हे मध्यपद, म्हणजे दोन्ही आधारविधानांत येणारा शब्द, दोघांना स्पर्श करतं, पण बांधत नाही. एक इशारा: असं उदाहरण सापडलं तर युक्तिवाद अवैध हे नक्की, सापडलं नाही तर वैध असेलच असं नाही, कदाचित आपली कल्पना तोकडी पडली.

शेजारी आपला धूर-अग्नी ठेवून बघावा. न्यायदर्शनाचं अनुमान पाच अवयवांचं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा पर्वत तसाच. म्हणून तिथं अग्नी आहे. अ‍ॅरिस्टॉटलला उदाहरण लागत नाही, नैयायिकाला लागतं, कारण त्याचं अनुमान समोर बसलेल्याला पटवायचं आहे. आणि व्याप्ती ('जिथं धूर तिथं अग्नी' हा नियम) उलटी फिरवता येत नाही हे दोघंही बजावतात. जिथं अग्नी तिथं धूर? तापलेला लोखंडाचा गोळा बघा, धूर नाही.

इथं कोणीतरी म्हणतंच, 'त्यांनी आपल्याकडूनच घेतलं' किंवा नेमकं उलट. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन (तेव्हा ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) दात्यांची नावं आहेत. त्यावरून यवन म्हणवणारे लोक लोणावळ्याच्या डोंगरात दान देत होते हे कळतं. तर्कशास्त्राची देवघेव झाली की नाही, याबद्दल खांब मुका आहे.

पाचवा दिवस : डेल्फी

अंतर १८० किलोमीटर, बसने तीन तास. सकाळची पहिली बस घ्या आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. हिवाळ्यात परिसर दुपारीच बंद होतो. चढ आहे, पाणी जवळ हवं.

अपोलोच्या देवळाचे सहा खांब पुन्हा उभे केलेत. 'स्वतःला ओळख' आणि 'अति कशाचंच नको' ही वचनं इथंच कोरलेली होती, पण ती आज शोधू नका, नाहीत. गंमत म्हणजे डेल्फीची वचनं दगडावर लिहवून घेतल्याचा पुरावा अफगाणिस्तानात, ऐ-खानूम या ग्रीक शहरात सापडला. क्लिआर्खस नावाच्या माणसाने ती इथून काळजीपूर्वक उतरवून नेली होती.

देवळासमोर बसून दोन कौल तपासायचे. लिडियाचा राजा क्रीससने विचारलं, पर्शियावर चालून जाऊ का? उत्तर: हालिस नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य लयाला जाईल. गेलं, त्याचंच. अ‍ॅरिस्टॉटल 'ऱ्हेटरिक'मध्ये हाच कौल घेतो आणि ज्योतिषी मोघम का बोलतात ते सांगतो: एकी-बेकीच्या खेळात मुठीत नेमक्या किती वस्तू आहेत हे सांगण्यापेक्षा 'एकी' किंवा 'बेकी' म्हणणाऱ्याचं बरोबर यायची शक्यता जास्त. काय होईल हे सांगावं, कधी होईल हे सांगू नये. रोजच्या राशिभविष्यावर हे गाळणं लावून बघा: आज नेमकं काय घडलं असतं तर हे वाक्य खोटं ठरलं असतं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर त्या वाक्याने काही सांगितलेलंच नाही.

दुसरा कौल सॉक्रेटिसच्या मित्राने, खेरेफॉनने, विचारलेला. सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कोणी आहे का? कौल देणाऱ्या पुजारणीचं, पिथियाचं, उत्तर: कोणी नाही. पोस्टरांवर याचं 'सॉक्रेटिस जगातला सर्वांत शहाणा' होतं. वाक्य नीट वाचा. 'त्याच्यापेक्षा उंच कोणी नाही' हे सगळे बुटके असले तरी खरं असतं, आणि सगळे सारख्या उंचीचे असले तरी. सॉक्रेटिसने स्वतः लावलेला अर्थ याच्या जवळचा आहे: मला कळत नाही हे निदान मला कळतं. आणि हा कौल प्लेटो असा सांगतो, तर झेनोफॉनच्या वृत्तांतात 'जास्त मोकळा, न्यायी, विवेकी कोणी नाही' असा आहे. दोन साक्षीदार, दोघंही सॉक्रेटिसच्या बाजूचे, आणि मजकूर वेगळा.

संग्रहालयात काशाचा सारथी आहे. त्याचे डोळे बघा, बाकी घाई केली तरी चालेल.

सहावा दिवस : रंगीत ओसरी आणि परतीची मेट्रो

विमान दुपारचं असेल तर सकाळी पुन्हा एड्रिआनू रस्ता. हॉटेलांच्या मागे एका उघड्या खड्ड्यात १९८१ पासून खणली गेलेली रंगीत ओसरी दिसते. भिंतीवर मॅरेथॉनच्या लढाईचं चित्र असायचं. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सायप्रसचा झेनो इथं येरझाऱ्या घालत शिकवू लागला आणि त्याच्या शिष्यांना नाव पडलं स्टोइक, म्हणजे ओसरीवाले. आज 'स्टोइक' म्हणजे सोसणारा एवढाच अर्थ उरलाय. पण याच पंथातल्या क्रिसिपसने 'जर-तर' आणि 'हे किंवा ते' अशा विधानांचं तर्कशास्त्र उभं केलं.

त्याचा कुत्रा प्रसिद्ध आहे. शिकारीचा माग काढत कुत्रा तिठ्यावर येतो. पहिली वाट हुंगतो, वास नाही. दुसरी हुंगतो, नाही. तिसरी न हुंगताच धावत सुटतो. 'ही किंवा ती किंवा ती तिसरी, ही नाही, ती नाही, म्हणून तिसरी.' अनुमान वैध. फसतं ते पहिल्या विधानात: ससा वाट सोडून झुडपात घुसला असेल तर? 'दोनच पर्याय आहेत' असं कोणी म्हणालं की हुंगायच्या आधी वाटा मोजाव्यात.

निघताना मोनास्तिराकीला फलाटावर एक काळजी घ्या. मेट्रोने विमानतळाला जाणारी प्रत्येक गाडी निळ्या लाईनवर असते. निळ्या लाईनची प्रत्येक गाडी मात्र विमानतळाला जात नाही. बऱ्याच गाड्या दुकिसिस प्लाकेंतियासला संपतात आणि सामानासकट फलाटावर उतरावं लागतं. डब्यावर आणि फलकावर 'एरोद्रोमिओ' असं लिहिलेलं बघूनच चढा. विमानतळाची गाडी दर अर्ध्या-पाऊण तासाने असते.